आखूड रेघ

लिमाच्या आकाशाला इथले लोक गाढवाचं पोट म्हणतात.
ऑगस्टात ते पार टेबलापर्यंत खाली येतं,
स्क्रीनच्या कडेला टेकतं.
तोच राखाडी मी उचलला
रिकाम्या महिन्यांसाठी.

सॉफ्टवेअरला भोक सहन होत नाही.
मार्चचा ठिपका, जुलैचा ठिपका,
मधे काहीच नाही, तर हे आपलं
सरळ रेघ ओढून मोकळं,
न वाचता सही ठोकणाऱ्या कारकुनासारखं.
ती रेघ मी तोडली.
रोहेर म्हणाला, शून्य टाक की.
नाही रे. शून्य म्हणजे कुणीतरी मोजलं
आणि हाती काही लागलं नाही.
इथे वहीच गायब आहे.

वही टँकरच्या फेऱ्यांची.
टेकडीवरच्या वस्तीला आठवड्याला चार टँकर.
पालिकेने पैसे दिले चारचे,
बिलांवर शिक्के चारचे,
आणि वर, जिथे पायऱ्या संपून वाळू सुरू होते,
तिथे निळी पिंपं कोरडी ठणठणीत.
पाणी वाळूत मुरतं, शाळेत शिकलो होतो.
कागदात किती मुरतं
ते या नोकरीत.

वकीलबाई म्हणाल्या, लाल नको. लाल म्हणजे निकाल.
ओस्वाल्दो म्हणाला, छोटेछोटे टँकर काढ,
लोकांना पटकन कळतं.
मी विचारलं, भरलेले काढू का रिकामे?
तो कॉफी आणायला गेला.

अक्ष मात्र शून्यापासूनच. यात मी कुणाचं ऐकत नाही.
मधूनच सुरू केलेला अक्ष राईचा पर्वत करतो,
आणि आमच्याकडे पर्वत
होताच.

गुरुवारी रोहेर वरून आला, बुटांत वाळू,
फोनमध्ये एका दाराचा फोटो.
दोन्या एउफेमिया माचाका,
पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतात.
त्यांचं प्लायवूडचं दार,
आतल्या बाजूने खडूच्या रेघा,
टँकर आला की एक. चार वर्षं.
एप्रिल, मे, जून:
माझं सगळं राखाडी
तिथे पांढरं होऊन बसलेलं.

रात्रभर मोजलं, बोट ठेवून, दोनदा चुकून.
वर बिलांची रेघ, इस्त्री केल्यासारखी,
खाली दाराची, धापा टाकणारी.
मधली जागा रंग न भरता सोडली.
बातमी तिथेच होती.

शनिवारी दाखवायला गेले.
दोन्या एउफेमियांनी फोन लांब धरला,
डोळे बारीक केले.
'हे कुणी काढलं?'
मी.
'सगळ्या सारख्या केल्यास.'
हाताला धरून आत नेलं, दार लावलं.
अंधारात टॉर्चच्या उजेडात
काही रेघा आखूड होत्या.
फोटोतही होत्या. मी पाहिल्या होत्या.
मला वाटलं, खडू मोडला असेल.
'अर्धा टँकर आला की अर्धी.
ही नखभर बघ,
त्या दिवशी शेवटच्या तीन घरांना
नुसता पाइपचा आवाज मिळाला.'

सात वर्षं मी हे काम करते.
पुरस्काराची एक काचेची पाटी आहे,
तिच्यावर चहाचा कप ठेवते.
त्या बाईने पट्टी न लावता
रात्रपाळीहून आल्यावर, चप्पल काढायच्या आधी,
प्रमाण सांभाळलं होतं.

रविवारी पहाटे सगळ्या रेघा पुन्हा काढल्या,
एकेक, त्यांच्या मापाने.
मधली जागा रुंदावली.
ओस्वाल्दो मागे उभा होता. टँकरचं नाव काढलं नाही.

वकीलबाईंनी विचारलं, स्रोत काय लिहायचा?
तळाला, सगळ्यात लहान अक्षरात, मी लिहिलं:
पालिकेची बिलं, आणि एउफेमिया माचाका यांचं दार,
आतली बाजू.

त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या.
मग त्यांनी एक स्वल्पविराम काढला.